सार्कोपेनिया: वाढत्या वयातली स्नायूंची झीज वेळेत कशी ओळखाल?

वय झाले की ताकद थोडी कमी व्हायचीच, असे आपण सगळेच धरून चालतो. सत्तरीतल्या आजोबांनी खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठावे, आजींनी कुकरचे झाकण लावायला सुनेला हाक मारावी, यात कुणाला काही वावगे वाटत नाही. मात्र ताकद कमी होण्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले, की त्याला वैद्यकीय भाषेत सार्कोपेनिया म्हणतात. हा स्नायूंचा आजार आहे. तो मोजता येतो, आणि लवकर लक्षात आला तर बऱ्याच अंशी सुधारताही येतो.

अडचण अशी की हा आजार दुखत नाही. रक्ताच्या नेहमीच्या तपासण्यांत तो दिसत नाही, आणि वजनकाट्यावरही अनेकदा दिसत नाही. त्यामुळे पुष्कळ घरांत तो पहिल्यांदा कळतो तो न्हाणीघरात पाय घसरल्यावर किंवा खुब्याचे हाड मोडल्यावर. हा लेख त्याच्या आधीच्या काळाबद्दल आहे. घरी काय पाहायचे, काय मोजायचे आणि कोणता आकडा आला की डॉक्टरांकडे जायचे, हे इथे क्रमाने दिले आहे.

सार्कोपेनिया म्हणजे नेमके काय?

'सार्क्स' म्हणजे मांस आणि 'पेनिया' म्हणजे कमतरता, या दोन ग्रीक शब्दांवरून हे नाव तयार झाले. अमेरिकेतले आहारतज्ज्ञ आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये ते सुचवले. सुरुवातीला याचा अर्थ फक्त 'स्नायूंचे वस्तुमान कमी होणे' एवढाच होता. पुढच्या अभ्यासांत असे दिसले की स्नायू किती आहेत यापेक्षा त्यांत जोर किती आहे, यावरून माणूस पडेल का, परावलंबी होईल का, याचा अंदाज अधिक चांगला येतो. म्हणून २०१८ च्या युरोपीय आणि २०१९ च्या आशियाई तज्ज्ञगटांच्या निकषांत ताकदीला महत्त्वाचे स्थान मिळाले.

साधारणपणे तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होऊ लागतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. ताकद मात्र स्नायूंच्या आकारापेक्षा जास्त वेगाने कमी होते. याची मुख्य कारणे तीन:

• मणक्यातून स्नायूंकडे जाणाऱ्या काही चेतापेशी वयानुसार नष्ट होतात. त्यांच्यावर अवलंबून असलेले स्नायूंचे तंतू मग निकामी होतात.
• स्नायूंत हळू काम करणारे आणि झटपट काम करणारे असे दोन प्रकारचे तंतू असतात. वयानुसार झटपट काम करणारे तंतू अधिक बारीक होतात. ठेच लागल्यावर पाय चटकन पुढे टाकून तोल सावरणे हे याच तंतूंचे काम. म्हणून अशी व्यक्ती सपाट रस्त्यावर नीट चालते, पण अडखळली की सावरत नाही.
• खाल्लेल्या प्रथिनांपासून नवे स्नायू तयार करण्याची शरीराची क्षमता मंदावते. तरुणपणी जेवढ्या डाळीत भागत होते, तेवढ्यात उतारवयात भागत नाही.

वजन तेवढेच आहे, मग झीज कशी?

ही सर्वांत जास्त फसवणारी गोष्ट आहे. स्नायू कमी होतात आणि त्यांची जागा चरबी घेते. वजनकाटा दोन्हींची बेरीज दाखवतो, त्यामुळे आकडा हलत नाही. 'गेली दहा वर्षे वजन ६२ किलोच आहे' हे वाक्य म्हणूनच दिलासा देणारे असतेच असे नाही.

भारतीयांच्या बाबतीत हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. २००४ मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण मांडले होते. दोघांचाही बीएमआय २२.३ होता. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरातही चरबी जास्त आणि स्नायू कमी असू शकतात, हे त्यातून ठळकपणे पुढे आले. म्हणजे उतारवयात झीज सुरू होते तेव्हा आपल्यापैकी अनेकांची स्नायूंची शिल्लक मुळातच थोडी असते.

पोट सुटलेले, पण हातपाय काड्यांसारखे, अशी शरीरयष्टी तुम्ही पाहिली असेल. अशा व्यक्तीला 'अशक्त' कुणी म्हणत नाही, उलट 'वजन कमी करा' असाच सल्ला मिळतो. उपास करून वजन घटवले तर चरबीबरोबर उरलेले स्नायूही जातात. म्हणून साठीनंतर वजन कमी करायचे असेल तर ताकदीचा व्यायाम आणि पुरेशी प्रथिने यांच्या जोडीनेच करावे.

घरात दिसणाऱ्या सुरुवातीच्या खुणा

ताकद एका दिवसात जात नाही. माणूस नकळत आपल्या सवयी बदलत जातो. या बदललेल्या सवयी हीच पहिली खूण असते. पुढच्या गोष्टींकडे लक्ष द्या:

• खुर्चीतून किंवा पलंगावरून उठताना दर वेळी हातांचा आधार घ्यावा लागणे, किंवा झोका देऊन उठणे.
• जमिनीवर मांडी घालून बसणे टाळणे. 'खाली बसलो तर उठवत नाही' म्हणून जेवण, पूजा खुर्चीवर बसून करणे.
• पिळलेल्या कपड्यांतून पाणी ठिबकत राहणे, बाटलीचे किंवा बरणीचे झाकण न उघडणे.
• जिना चढताना कठडा ओढून वर जाणे, एसटीच्या किंवा बसच्या पायरीवर दुसऱ्याचा हात लागणे.
• बरोबर चालणाऱ्यांच्या मागे पडणे, रस्ता ओलांडताना घाई जमेनाशी होणे.
• भाजीची पिशवी, दळणाचा डबा, पाण्याची बादली उचलायचे सोडून देणे.
• पोटऱ्या आणि मांड्या बारीक होणे, पायजमा किंवा सलवार मांडीवर सैल होणे.
• वर्षभरात एकदा जरी पडणे, किंवा पडण्याच्या भीतीने बाहेर जाणे कमी करणे.

कुटुंबीयांसाठी इथे एक महत्त्वाची सूचना. आपल्याकडे घरातले लोक प्रेमाने ज्येष्ठांची कामे काढून घेतात. 'आई, तू राहू दे, मी आणते', 'बाबा, तुम्ही बसा.' यात माया आहे, पण त्यामुळे दोन गोष्टी होतात. जे काम जमत नाही ते कुणाच्या लक्षातच येत नाही, आणि जे थोडेफार जमत होते त्याचाही सराव सुटतो. एखादे काम तुम्ही हातात घेतले असेल, तर स्वतःला एकच प्रश्न विचारा: ते आपण आवड म्हणून घेतले, की त्यांना ते जमेनासे झाले म्हणून?

पाच प्रश्नांची चाचणी

'सार्क-एफ' नावाची ही प्रश्नावली जगभर वापरली जाते. दोन मिनिटांत होते. प्रत्येक प्रश्नाला ०, १ किंवा २ गुण द्या.

१. सुमारे साडेचार किलोचे ओझे, म्हणजे ५ किलोच्या पिठाच्या पिशवीपेक्षा थोडे हलके सामान, उचलून नेताना त्रास होतो का?
२. खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालताना त्रास होतो का?
३. खुर्चीतून किंवा पलंगावरून उठताना त्रास होतो का?
४. १० पायऱ्यांचा जिना चढताना त्रास होतो का?

या चार प्रश्नांना 'अजिबात नाही' असेल तर ०, 'थोडा होतो' असेल तर १, 'खूप होतो' किंवा 'जमतच नाही' असेल तर २. चालताना काठी किंवा वॉकर लागत असेल तर दुसऱ्या प्रश्नाला २ गुण.

५. गेल्या वर्षभरात किती वेळा पडलात? एकदाही नाही तर ०, एक ते तीन वेळा पडला असाल तर १, चार किंवा अधिक वेळा पडला असाल तर २.

बेरीज ४ किंवा अधिक आली तर डॉक्टरांना भेटावे. मात्र बेरीज ४ पेक्षा कमी आली म्हणजे सगळे ठीक आहे असे समजू नका. या चाचणीत सुरुवातीची झीज बऱ्याचदा निसटते. एक तर माणूस त्रास असूनही 'नाही' म्हणतो, आणि दुसरे म्हणजे जे काम करणेच सोडले आहे त्याचा त्रास जाणवत नाही. म्हणून प्रश्नांच्या जोडीला प्रत्यक्ष मोजणे हवे.

घरी करता येण्याजोग्या तीन चाचण्या

यासाठी लागते एक साधी खुर्ची, शिंप्याची टेप आणि मोबाइलमधले स्टॉपवॉच. चाचणी चालू असताना कुणीतरी शेजारी उभे असावे. नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल किंवा हाड मोडले असेल तर या चाचण्या घरी करू नका.

*१. खुर्चीतून पाच वेळा उठणे*

बिनहातांची, सरळ पाठीची, नेहमीच्या उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. प्लास्टिकची डगमगणारी खुर्ची नको. पाय जमिनीवर टेकवून बसा, दोन्ही हात छातीवर आडवे घ्या. 'सुरू' म्हटल्यावर जमेल तितक्या वेगाने पूर्ण उभे राहा, पुन्हा बसा, असे पाच वेळा करा. पाचव्यांदा पूर्ण उभे राहिल्यावर घड्याळ थांबवा.

आशियाई निकषांनुसार १२ सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागला तर पायांची कार्यक्षमता कमी झाली आहे असे मानतात. हात न लावता एकदाही उठता आले नाही, तर वेळ मोजायची गरजच नाही. तेवढे कारण डॉक्टरांकडे जायला पुरेसे आहे.

घरी एकच चाचणी करायची असेल तर ही करा. मांडीच्या पुढच्या भागातले मोठे स्नायू आपल्याला उठवतात, चढवतात आणि पडताना सावरतात. त्यांची स्थिती यातून थेट कळते.

*२. सहा मीटर चालणे*

अंगणात, गच्चीत किंवा इमारतीच्या पॅसेजमध्ये ६ मीटर अंतरावर खडूने दोन रेघा आखा. पहिल्या रेघेच्या एक-दोन मीटर आधीपासून चालायला सुरुवात करा आणि दुसरी रेघ ओलांडून पुढे जा, म्हणजे मधला वेग खरा मिळेल. नेहमीच्या चालीने चाला, शर्यत नको. दोनदा मोजून सरासरी घ्या. ६ मीटरला ६ सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला, म्हणजे वेग सेकंदाला १ मीटरपेक्षा कमी असला, तर तो मंद समजतात.

*३. पोटरीचा घेर*

पोटरी जिथे सर्वांत जाड असते तिथे टेप गुंडाळा. टेप घट्ट आवळू नका. दोन्ही पायांचा घेर मोजा आणि त्यातला मोठा आकडा धरा. पुरुषांत ३४ सेंटिमीटरपेक्षा कमी आणि स्त्रियांत ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी घेर असेल तर स्नायू कमी असण्याची शक्यता असते.

टेपही नसेल तर जपानमध्ये वापरली जाणारी एक सोपी पद्धत आहे. दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जुळवून एक कडे करा आणि ते पोटरीच्या सर्वांत जाड भागाभोवती धरा. बोटे जुळून वर मोकळी फट राहत असेल तर तपासणी करून घेणे योग्य.

पायांवर सूज असेल तर पोटरीचा घेर फसवा ठरतो. लठ्ठ व्यक्तींतही चरबीमुळे घेर मोठा येतो. अशा वेळी पहिल्या दोन चाचण्यांवर अधिक भर द्या.

आकडे कसे वाचावेत?

वर दिलेल्या मर्यादा मुख्यतः पूर्व आणि आग्नेय आशियातल्या लोकांच्या माहितीवर आधारलेल्या आहेत. त्या मार्गदर्शक म्हणून घ्याव्यात. ११.८ सेकंद म्हणजे उत्तम आणि १२.१ म्हणजे आजार, असे नसते. गुडघ्याची दुखणी, दम्याचा त्रास, डोळ्यांचा मोतीबिंदू यांमुळेही वेळ वाढतो.

खरी उपयोगी माहिती तुमच्या स्वतःच्या आधीच्या आकड्याशी तुलना केल्यावर मिळते. समजा, जानेवारीत एखाद्या आजींना पाच वेळा उठायला ९ सेकंद लागले आणि जुलैत ११. दोन्ही आकडे मर्यादेच्या आतलेच आहेत, पण सहा महिन्यांत दोन सेकंदांची वाढ हा बदल बोलका आहे. कदाचित मधे झालेले तापाचे आजारपण, कदाचित घटलेले जेवण, कदाचित एखादे नवे औषध त्यामागे असेल. कारण शोधायची हीच वेळ.

म्हणून साठीनंतर दर सहा महिन्यांनी हे तीन आकडे साखरेच्या आणि रक्तदाबाच्या नोंदींच्या वहीतच तारखेसह लिहून ठेवा. दर वेळी तीच खुर्ची आणि तीच जागा वापरा. मोठे आजारपण किंवा शस्त्रक्रिया झाल्यास बरे झाल्यानंतर महिन्याभरात पुन्हा मोजा.

कुणी जास्त जागरूक राहावे?

• मधुमेह, दीर्घकालीन मूत्रपिंडाचा आजार, हृदयविकार, सीओपीडी किंवा यकृताचा आजार असलेल्यांनी. या आजारांत झीज लवकर सुरू होते आणि वेगाने होते.
• कर्करोगावर उपचार घेणाऱ्यांनी किंवा घेतलेल्यांनी.
• दीर्घकाळ स्टिरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांनी.
• दात नसल्याने किंवा कवळी नीट बसत नसल्याने मऊ भात, चहा-बिस्कीट, पेज यांवरच राहणाऱ्यांनी.
• जोडीदार गेल्यावर एकटे राहणाऱ्यांनी. एका माणसासाठी काय स्वयंपाक करायचा, म्हणून जेवण हळूहळू कमी होते.
• नुकतेच रुग्णालयातून घरी आलेल्यांनी.

शेवटचा मुद्दा विशेष लक्षात घ्या. एका अभ्यासात निरोगी वृद्ध स्वयंसेवकांना १० दिवस पूर्णवेळ अंथरुणावर ठेवले असता त्यांच्या पायांतला जवळपास एक किलो स्नायुभार कमी झाला. ते आजारी नव्हते आणि त्यांना प्रथिनांची शिफारस केलेली मात्राही मिळत होती. न्यूमोनिया किंवा डेंग्यूने आठवडाभर पडून राहिलेल्या, जेवण तुटलेल्या व्यक्तीची झीज त्याहून अधिक होऊ शकते. 'आता पूर्ण विश्रांती' हा सल्ला प्रत्येकाला लागू पडत नाही. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर रोज थोडा वेळ उठून बसणे, खोलीत चालणे शक्य तितक्या लवकर सुरू करावे.

डॉक्टर काय तपासतात?

सुरुवात तुमच्या फॅमिली डॉक्टरांपासून किंवा फिजिशियनपासून करा. मोठ्या शहरांत काही रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी स्वतंत्र ओपीडी असते, तिथेही दाखवता येते.

*मुठीची पकड:* डायनॅमोमीटर नावाचे यंत्र हातात धरून पूर्ण जोराने दाबायचे असते. आशियाई निकषांनुसार पुरुषांत २८ किलोपेक्षा कमी आणि स्त्रियांत १८ किलोपेक्षा कमी पकड ही कमजोर समजली जाते. भारतासह १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांची पाहणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत पकड दर ५ किलोने कमी असताना मृत्यूचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी अधिक आढळला. याचा अर्थ रबरी चेंडू दाबून आयुष्य वाढते असा नाही. पकड ही सबंध शरीराच्या ताकदीची खिडकी आहे. पकड कमजोर असेल तर व्यायाम साऱ्या शरीराला हवा, विशेषतः पायांना.

*स्नायूंचे प्रमाण:* यासाठी डेक्सा स्कॅन किंवा शरीरातली चरबी-स्नायू मोजणारे बीआयए यंत्र वापरतात. हाडांची घनता मोजणारे डेक्सा यंत्रच स्नायूही मोजू शकते, मात्र त्यासाठी सबंध शरीराचा स्कॅन लागतो. ताकद किंवा हालचालीची क्षमता कमी आणि स्नायूही कमी असतील तर सार्कोपेनियाचे निदान पक्के होते.

स्कॅनची सोय नसेल तर उपचार थांबवून ठेवायचे का? नाही. ताकद किंवा पायांची कार्यक्षमता कमी आढळली, तर आशियाई निकष त्याला 'संभाव्य सार्कोपेनिया' म्हणतात आणि तेवढ्यावरच आहार व व्यायाम सुरू करायला सांगतात. तालुक्याच्या गावी राहणाऱ्यांसाठी ही मोठी सोय आहे.

*इतर कारणांचा शोध:* अशक्तपणाची दुसरीही कारणे असतात. रक्तक्षय, थायरॉइडचे विकार, ड जीवनसत्त्वाची किंवा बी-१२ ची कमतरता, अनियंत्रित मधुमेह, पार्किन्सन्स, मानेच्या मणक्यात दबलेला मज्जारज्जू, नैराश्य, क्षयरोग किंवा लपलेला कर्करोग यांचा विचार डॉक्टर करतात. तुम्ही घेत असलेल्या सगळ्या औषधांची यादी बरोबर न्या. आयुर्वेदिक औषधे आणि दुकानातून आणलेल्या गोळ्याही त्यात असू द्या.

एक बारीक मुद्दा: रक्तातले क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते. स्नायू कमी असतील तर मूत्रपिंड थोडे कमजोर असूनही क्रिएटिनिन नॉर्मल दिसू शकते. औषधांचा डोस ठरवताना हे महत्त्वाचे ठरते, म्हणून झीज असल्याचे आपल्या प्रत्येक डॉक्टरांना सांगा.

पुढील लक्षणे असतील तर वाट पाहू नका

सार्कोपेनिया महिन्या-वर्षांत वाढतो. काही तासांत, दिवसांत किंवा आठवड्यांत आलेला अशक्तपणा हा वेगळा आजार असतो.

• एका बाजूचा हात-पाय अचानक कमजोर होणे, तोंड वाकडे होणे, बोलताना जीभ अडखळणे: लगेच रुग्णालय गाठा.
• पायातली ताकद जाण्याबरोबर लघवी-शौचावरचा ताबा सुटणे.
• गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होणे.
• शुद्ध हरपून पडणे.
• स्नायू खूप दुखून लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा होणे, विशेषतः कोलेस्टेरॉलची गोळी चालू असताना.
• खांदे आणि मांड्या सकाळी आखडून हात वर न जाणे, त्याबरोबर डोकेदुखी किंवा नजर अंधूक होणे.
• प्रयत्न न करता सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून अधिक वजन घटणे, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीचे ३ किलोहून अधिक.

लवकर कळले, आता काय?

सार्कोपेनियासाठी म्हणून मान्यता मिळालेले औषध आजवर उपलब्ध नाही. उपचार दोन आहेत आणि ते एकत्रच चालतात.

*ताकदीचा व्यायाम.* रोज सकाळी फिरणे हृदयाला आणि साखरेला चांगले, पण स्नायूंचा जोर वाढवायला ते पुरत नाही. स्नायूंना नेहमीपेक्षा थोडे जास्त ओझे द्यावे लागते. आठवड्यातून दोन-तीन दिवस, मधे एक दिवस सोडून, हे करा: खुर्चीतून उठ-बस, ओट्याला धरून टाचा उचलणे, भिंतीला हात टेकवून ढकलणे, पाण्याची भरलेली बाटली उचलणे, एका पायरीवर चढ-उतार. प्रत्येक प्रकार ८ ते १२ वेळा, दोन फेऱ्या. शेवटची दोन-तीन आवर्तने जड गेली पाहिजेत. ती सहज होऊ लागली की ओझे किंवा आवर्तने वाढवा. श्वास रोखून धरू नका. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब किंवा ठिसूळ हाडे असतील तर आधी डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टना विचारा.

*पुरेशी प्रथिने.* ज्येष्ठांसाठी वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिने असावीत, अशी तज्ज्ञांची शिफारस आहे. ५५ किलोच्या व्यक्तीला म्हणजे ५५ ते ६६ ग्रॅम. अंदाजासाठी: एका अंड्यात ६ ग्रॅम, एक ग्लास दुधात ६ ते ७, मूठभर शेंगदाण्यांत ७, ३० ग्रॅम कच्च्या डाळीत किंवा मटकीत ७, ५० ग्रॅम पनीरमध्ये ९, ३० ग्रॅम सोयाबीन वड्यांत १५, शंभर ग्रॅम मासळीत साधारण २०. पातळ वरणाच्या वाटीत डाळ फार थोडी असते, म्हणून घट्ट वरण, उसळ, पिठले, दही यांचा प्रत्येक जेवणात वाटा ठेवा. सकाळी नुसता चहा-खारी, दुपारी भात-आमटी आणि रात्री दूध-पोळी अशा दिवसात हा आकडा गाठला जात नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिने वाढवण्याआधी नेफ्रॉलॉजिस्टचा सल्ला घ्याच.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*आता ऐंशी उलटली. व्यायामाचा काही उपयोग होईल का?*
होतो. १९९० मध्ये बोस्टनमध्ये एका वृद्धाश्रमातल्या, सरासरी नव्वद वर्षे वयाच्या १० जणांना देखरेखीखाली आठ आठवडे पायांच्या ताकदीचा व्यायाम दिला गेला. व्यायाम पूर्ण करणाऱ्यांच्या पायांची ताकद सरासरी दुपटीहून अधिक झाली. स्नायू वय विचारत नाहीत, काम मागतात.

*गुडघे दुखतात म्हणून उठता येत नाही. मग ही स्नायूंची झीज कशी?*
बऱ्याचदा दोन्ही असते. गुडघा दुखतो म्हणून हालचाल कमी होते, मांडीचे स्नायू बारीक होतात आणि गुडघ्यावरचा भार आणखी वाढतो. उठताना दुखते म्हणून थांबता, की दुखत नसतानाही जोर येत नाही, एवढे नीट पाहून डॉक्टरांना सांगा.

*प्रोटीन पावडर घ्यावी का?*
जेवणातून गरज भागत नसेल, भूक खूप कमी असेल किंवा आजारपणातून उठला असाल, तर डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याने घ्या. व्यायामाशिवाय नुसत्या पावडरीने ताकद फारशी वाढत नाही.

*ड जीवनसत्त्वाचे मोठे इंजेक्शन घेतले तर?*
कमतरता असेल तर ती भरून काढावीच. पण स्वतःहून पुन्हा पुन्हा मोठे डोस घेऊ नका. ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात वृद्ध स्त्रियांना वर्षातून एकदा ५ लाख युनिटचा डोस दिला असता त्यांचे पडणे आणि हाडे मोडणे वाढल्याचे दिसले.

थोडक्यात

• वजनावर विसंबू नका. उठणे, चालणे आणि पकड यांकडे पाहा.
• साठीनंतर दर सहा महिन्यांनी पाच वेळा उठण्याचा वेळ, सहा मीटर चालण्याचा वेळ आणि पोटरीचा घेर लिहून ठेवा.
• १२ सेकंद किंवा जास्त, ६ सेकंदांहून जास्त, पुरुषांत ३४ आणि स्त्रियांत ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी, यांपैकी काहीही आढळले किंवा आधीच्या आकड्यात ठळक फरक दिसला तर डॉक्टरांना दाखवा.
• आजारपणानंतरचा पहिला महिना विशेष जपा.
• घरातल्या ज्येष्ठांना झेपतील ती कामे त्यांच्याकडेच राहू द्या. ती झेपेनाशी झाली तर काम काढून घेण्याबरोबरच कारणही शोधा.

या लेखातली माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. तुमचे आजार आणि औषधे लक्षात घेऊन तुमचे डॉक्टर जे सांगतील ते प्रमाण माना.